गाडीचा गंज आणि आपलं व्रत

बेळगावात संसार केलेल्या बाईला गंज म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. जूनमध्ये पाऊस धरला की ऑक्टोबर उजाडेपर्यंत घरातल्या लोखंडाच्या प्रत्येक वस्तूकडे लक्ष द्यावं लागतं. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की तांबूस पूड लागते. कपाटाच्या पायांचे फरशीवर डाग पडतात. विळी पुसून कोरडी ठेवली नाही तर चार दिवसांनी चिरलेल्या भाजीला तिची चव येते. माझ्या आजेसासूबाईंचा बिडाचा तवा अजून आमच्या घरात आहे. पावसाळ्यात त्यालाही गंज चढतो. मी तो नारळाच्या शेंडीनं घासते, तेलाचा हात फिरवते, गॅसवर तापवते, आणि परत त्यावर धिरडी होतात. माझ्या सुनेच्या हाताखालीही तो तवा चालेल. त्यामुळे गंजलं म्हणजे टाकून द्या, असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे.

पण तव्याचं बीड चांगलं जाड असतं आणि गाडीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. तव्याला लागलेला गंज वरवरचा, तो घासून निघतो. पत्र्याला आतून लागलेला गंज निघत नाही, तो पत्राच घेऊन जातो. एवढी साधी गोष्ट, पण आपल्या घरांमधून ती फार कमी वेळा बोलली जाते, कारण गाडीचं खातं पुरुषांचं. आपण मागच्या सीटवर बसतो, मांडीवर डबा आणि पायाशी पिशवी.

आपल्या समाजात जुनी गाडी वापरणाऱ्या माणसाला मान आहे. दशलक्षण पर्वात बस्तीसमोर गाड्यांची रांग लागते. नव्या, चकचकीत, बैलगाडीपेक्षा लांबरुंद. त्यात एखाद्याची वीस-बावीस वर्षांची गाडी येते. दाराखाली पत्र्याचे पोपडे, मागचा बंपर तारेनं बांधलेला. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघा, एवढी इस्टेट आहे, पण अजून तीच गाडी! किती साधा माणूस!’ म्हणणाऱ्याच्या मनात परिग्रह-परिमाण व्रत असतं. माणसानं मर्यादा घालून घेतली, हाव धरली नाही, हे खरंच चांगलं. मूलाचारात बाह्य परिग्रहाचे जे दहा प्रकार सांगितलेत त्यांत शेत आणि घर यांच्याबरोबर यानही आहे, म्हणजे वाहन. तेव्हा वाहनाची हाव कमी ठेवणं हे आपल्या धर्माला धरूनच झालं.

तरी ते कौतुक ऐकताना मला दर वेळी त्या गाडीच्या खाली वाकून बघावंसं वाटतं. गाडी जुनी असणं ही एक गोष्ट आणि गंजून खिळखिळी झालेली असणं ही दुसरी. पहिलीत संयम असू शकतो. दुसरीत काय असतं ते तपासायला हवं.

गंज होतो कसा, हे आधी सांगते, कारण मला स्वतःला हे उशिरा कळलं आणि कळल्यावर गाडीकडे बघण्याची नजर बदलली. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली की गंज धरतो. मीठ असेल तर फार लवकर. तांब्याला किंवा ॲल्युमिनियमला जो थर चढतो तो खालच्या धातूला झाकून ठेवतो, म्हणून तांब्याची घागर पिढ्यान् पिढ्या टिकते. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचं नवं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. म्हणून तो थांबत नाही. आमचे मामंजी म्हणायचे, ‘जुनं लोखंड ते जुनं लोखंड, दिल्लीचा लोहस्तंभ बघा.’ लोहस्तंभाचं खरं आहे, दीड हजार वर्षांहून जास्त काळ तो उघड्यावर उभा आहे. पण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे त्याच्यावर झाकणारा थर तयार झाला. आपल्या गाड्यांचा पत्रा त्या जातीचा नव्हे.

आणि गाडी गंजते ती दिसते त्या जागी नाही. मडगार्डच्या आतल्या कडेला चिखल साठतो आणि तो उन्हाळ्यापर्यंत ओला राहतो. दाराच्या खालच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पानांनी नि धुळीनं बुजतात. मॅटच्या खाली ओल मुरते. यात आपलाही हात आहे बरं का. ओल्या छत्र्या, ओल्या चपला, देवळातून येताना सांडलेला कलश, आणि वर गाडी स्वच्छ राहावी म्हणून मॅटखाली आपणच घातलेलं गोणपाट! ते गोणपाट भिजलं की महिनाभर वाळत नाही. सायलेन्सर तर आतून कुजतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी लांब गेली तर नळी तापून ते उडून जातं. घर ते दुकान, दुकान ते बस्ती एवढीच फिरणारी गाडी असेल तर ते पाणी आतच राहतं. ‘आमची गाडी फार चालत नाही हो, म्हणून टिकली’ असं आपण म्हणतो, त्यात तेवढं तथ्य नाही.

आता ह्यात धोका तो कसला? जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चौकट असते, तिच्यावर डबा बसवलेला. लहान मोटारींना तशी चौकट नसते. पत्र्याचा डबा हाच त्यांचा सांगाडा. जमिनीचा पत्रा सडला म्हणजे ‘जरा भोक पडलंय’ एवढंच होत नाही. सीट ज्या पत्र्यात बोल्टनं बसवली तो सडतो, पट्टा ज्याला अडकवला तो सडतो. धडक बसली तर जे शरीराला धरून ठेवायचं तेच उपटून हातात येतं. ब्रेकचं ऑईल नेणारी बारीक पोलादी नळी गंजली की रोजच्या हलक्या दाबाला ती टिकते, आणि एखादं मूल आडवं आलं म्हणून सगळा जोर लावून ब्रेक दाबला की नेमकी तेव्हा फुटू शकते. फुटका सायलेन्सर आणि फुटकी जमीन एकत्र आली तर धुरातला विषारी वायू आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. मागं बसलेल्याचं डोकं दुखतं, झोप येते. ‘गाडी लागली’ म्हणून आपण आवळासुपारी देतो.

म्हणजे गंजलेली गाडी वापरण्याचा धोका मालक एकटा घेत नाही. तो बायको घेते, नातवंडं घेतात, रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस घेतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

स्वाध्यायाला बसणाऱ्या बहिणींना ठाऊक आहे, तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना नुसता जीव जाण्याला हिंसा म्हटलं नाही. प्रमादानं, बेसावधपणानं जीव दुखावला जातो त्याला हिंसा म्हटलं. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात. इतकं सावध राहूनही पायाखाली एखादा जीव आलाच तर त्यांना हिंसेचा दोष लागत नाही. उलट, बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच आलं नाही तरी त्याला दोष लागतो. हे एकदा मनात बसलं की ‘इतकी वर्षं वापरतोय, काही झालं का?’ हा पुरुषांचा नेहमीचा प्रश्न पार लंगडा पडतो. काही झालं नाही हे नशीब. दोष बघायचा तो ब्रेकची नळी कधी तपासली यात.

त्याच अध्यायात परिग्रहाची व्याख्या आहे, आणि तीही वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. मूर्च्छा म्हणजे परिग्रह, ‘हे माझं’ म्हणून आलेली धुंदी. ही धुंदी नव्या गाडीचीच येते असं नाही. आमच्या मामंजींची व्हॅन हे त्याचं घरचं उदाहरण. 2004 साली त्यांनी ती हौसेनं घेतली. 2006 चा श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक आम्ही तिच्यातून जाऊन केला, नऊ माणसं आणि वर चटया, भांडी. 2018 च्या अभिषेकालाही तीच नेली. मामंजी गेले आणि त्यानंतर ती गाडी म्हणजे जणू मामंजीच झाले. तिला हात लावायचा नाही, विकायचं नाव काढायचं नाही. ह्यांना तिच्या दाराचा आवाजही प्यारा. लाखाची नवी गाडी दारात असती तर तिच्याबद्दल कुणी एवढं हळवं झालं नसतं. वस्तू जुनी, मोडकी, कवडीमोलाची, आणि मूर्च्छा मात्र शंभर नंबरी. बाहेरून बघणारे म्हणत होते, किती साधी माणसं!

इथं एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. गंजलेली गाडी वापरणारे सगळे आमच्यासारखे नसतात. खानापूरकडून पहाटे भाजी घेऊन येणारा टेम्पोवाला असतो. त्याच्या टेम्पोच्या फाळक्याला सुतळी बांधलेली असते आणि दारातून रस्ता दिसतो. त्याला कुणी अपरिग्रहाचं प्रमाणपत्र देत नाही, आणि त्याला मूर्च्छाही नसते. उद्या दुसरा मिळाला तर तो हा आनंदानं देईल. त्याच्याजवळ पैसे नाहीत, एवढंच. अशा माणसाला हिंसेवर प्रवचन देणं मला जमणार नाही. ज्याच्याजवळ पर्याय आहे त्याच्याशीच माझं भांडण आहे.

आणि पर्याय असलेले आपल्यातही पुष्कळ आहेत. चिकोडी, रायबाग, अथणी भागातले आपले ऊसवाले घ्या. हंगामात रात्री-पहाटे रस्त्यावर ट्रॉल्या असतात, एकामागं एक दोन जोडलेल्या. कडा गंजून झिरपलेल्या, जोडणीचा दांडा झिजलेला, मागं दिवा नाही की लाल पाटी नाही. मालकाच्या दारात मात्र दोन मोटारी. कारण विचारलं तर, ‘ट्रॉलीला काय हो, चार महिन्यांचं काम.’ त्याच रस्त्यांवरून, त्याच पहाटेच्या वेळेला आपल्या महाराजांचा विहार असतो. अनवाणी, कडेकडेनं. भोजगावच्या आचार्य शांतिसागर महाराजांचा हा जिल्हा. ते इथून पायी थेट शिखरजीपर्यंत गेले. विहारात मागून चालणाऱ्या आपण बायका हातातल्या बॅटऱ्या मागं दाखवत चालतो, का, तर मागून येणाऱ्या गाडीचा भरवसा नाही. ज्यांनी वाहन कायमचं सोडलं त्यांना आपल्या वाहनांची भीती बाळगून चालावं लागतं, हे माझ्या मनाला फार लागतं. आहारदानात आपण एक तांदूळ निवडायचा सोडत नाही. ट्रॉलीचा दांडा बघायला सवड होत नाही.

पूर्वीच्या आचार्यांनी बैलाचा विचार केला होता. बैलावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं लादणं हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे. समंतभद्रस्वामींनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहाच्या व्रतातही अतिवाहन हा दोष धरला आहे, लोभापायी जनावराला त्याच्या आवाक्याबाहेर पळवणं. बैल थकला की फेस येतो, तो बसतो, त्याचं दुःख दिसतं. पत्र्याला दुःख नाही. तो शेवटपर्यंत गप्प राहतो आणि एके दिवशी एकदम तुटतो. त्यामुळे बैलाच्या बाबतीत डोळ्यांनी जे कळत होतं ते गाडीच्या बाबतीत खाली वाकूनच बघावं लागतं.

सरकारी नियम वयाकडे बघतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवायची. दिल्लीत 2015 साली हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली, ती धुरासाठी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयाची वीस वर्षं संपली म्हणून रस्त्यावरून गेल्या, तेव्हा कितीतरी लोक हळहळले. वय मोजायला सोपं असतं. पण गंज वयाप्रमाणे चालत नाही. विजापूरच्या कोरड्या हवेतली वीस वर्षांची गाडी खालून ठणठणीत असते आणि गोव्यात समुद्राकाठी आठ-दहा वर्षांत चाळण होते.

माझी मावसबहीण मडगावला असते. तिच्या यजमानांकडे त्यांच्या वडिलांची गाडी आहे, ऐंशीच्या सुमाराची. दर मे महिन्यात ते तिच्या सगळ्या मॅटी काढतात, हातोडीनं पत्रा वाजवून बघतात, जिथं आवाज बद्द येतो तिथला तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घेतात, रेड ऑक्साइड मारतात, वर डांबरासारखा काळा थर. दोन-दोन दिवस गाडीखाली आडवे! मावसबहीण म्हणते, ‘माझ्या गुडघ्यांकडं एवढं बघितलं असतं तर.’ त्यांच्या ठायी मूर्च्छा आहे का? असेलही थोडी. पण प्रमाद नाही. मी त्या गाडीत नातवाला मांडीवर घेऊन निर्धास्त बसते.

आमच्या व्हॅनची गोष्ट वेगळी झाली. 2024 मध्ये दुसऱ्यांदा पासिंगची वेळ आली तेव्हा गॅरेजवाल्यानं मॅट उचलली आणि ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. टोचलाही नाही, टेकवला. तो आरपार गेला. मग त्यानं जॅक लावून बघितला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच पत्र्यात शिरला. त्याचं म्हणणं, खालचा सगळा पत्रा बदलायला गाडीच्या किमतीच्या दुप्पट लागतील. ह्यांनाही ते पटलं. ठेवायची नाही हे ठरलं, आणि खरा प्रश्न तिथून पुढं सुरू झाला.

भंगारवाल्यानं अठरा हजार सांगितले. त्याच आठवड्यात एक तिशीतला मुलगा आला आणि चाळीस हजार देतो म्हणाला. बोलायला गोड, कष्टाळू. ‘खालनं पत्रा मारून घेतो की काकू, पुट्टी-पेंट केला की नवी दिसतीया बघा.’ काय करणार गाडीचं, विचारलं. शाळेची पोरं नेणार. तेरा-चौदा बसतात.

त्या रात्री आमच्याकडे जेवताना जी चर्चा झाली ती बऱ्याच घरांत झाली असेल. भाऊजी म्हणाले, ‘आपण त्याला काही लपवत नाही. गंजलीय हे त्यानं बघितलंय. विकल्यावर तो काय करतो ते त्याचं कर्म. आपल्या धर्मात ज्याचं कर्म त्याला.’ ह्यांचं म्हणणं, बावीस हजारांचा फरक आहे, आणि त्या मुलाचंही पोट आहे.

भाऊजींचा मुद्दा वरवर बिनतोड आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. कर्म ज्याचं त्याला हे खरं, पण आपल्याकडे कर्म नुसतं हातानं केलेलं मोजत नाहीत. कृत, कारित, अनुमोदन, तिन्ही मोजतात. श्रावकाच्या अनर्थदंडांत हिंसादान म्हणून एक प्रकार आहे: तलवार, कुऱ्हाड, विस्तव, बेड्या असली हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. देणारा काही कुणाला मारत नाही. तरी आचार्यांनी तो दोष श्रावकाच्या पदरात टाकला. तेरा मुलं भरण्यासाठी सडलेल्या जमिनीची गाडी देणं त्याहून फार वेगळं आहे असं मला वाटत नाही. आणि दुसरं, ‘त्यानं बघितलंय’ हे म्हणणं पुरत नाही. त्यानं बघितलंय, त्या तेरा मुलांच्या आयांनी बघितलेलं नाही. त्यांना दिसणार नवा रंग. पुट्टी म्हणजे काय, तर कुजक्या जागी लांबी भरून वर रंग. खोटा माल खऱ्यासारखा दाखवून देण्याला अचौर्यव्रतात प्रतिरूपक व्यवहार म्हणतात, दुधात पाणी घालण्याच्या रांगेतला दोष. तो पुट्टी मारणार हे आपल्याला माहीत असून गाडी द्यायची, म्हणजे त्या व्यवहारात आपला वाटा आलाच.

ह्यांनी एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बावीस हजार तुझ्या भिशीतून भर.’ पण गाडी त्या मुलाला दिली नाही. मोडीत घातली, आरटीओत जाऊन नोंदणी रद्द करून आले. मामंजींची आठवण म्हणून दाराचं हँडल काढून ठेवलंय. तेवढा परिग्रह मी चालवून घेतला.

पण तो मुलगा जाताना जे बोलला ते माझ्या मनातून जात नाही. रागावला नव्हता. म्हणाला, ‘काकू, तुम्ही मोडीत घातली तर मी दुसरी कुणाची तर घेणारच की. ती हिच्यापेक्षा कुजकी असंल. तुमची मला ठाव तरी होती.’

ह्याला काय उत्तर? हिशेबानं बघितलं तर तो बरोबर होता. आमच्या नकारानं एक गंजलेली गाडी रस्त्यावरून गेली, पण तेरा मुलं काही सुरक्षित झाली नाहीत. झालंही तसंच. महिनाभरात त्यानं दुसरी व्हॅन आणली, पांढऱ्या पाटीचीच, म्हणजे भाड्यानं चालवायला मुळात परवानगी नसलेली. रंग नवा. आमच्याच गल्लीतून सकाळी पावणेआठला जाते. आपले हात धुऊन घेतले की व्रत झालं, असं मानायचं असेल तर मानता येईल. पुष्कळदा आपण मानतो. कंदमूळ आपल्या ताटात नाही ना, मग झालं. माझी त्यावर तेवढी श्रद्धा उरली नाही. त्या गाडीत कोपऱ्यावरची दोन मुलं बसतात, मी त्यांना नावानं ओळखते.

म्हणून महिला मंडळात मी विषय काढला. दोन-चार जणींची नातवंडं वेगवेगळ्या व्हॅननं जातात. प्रतिक्रिया ऐकण्यासारख्या होत्या. एक म्हणाली, ‘गाडीतलं मला काय कळतंय?’ दुसरी म्हणाली, ‘विचारलं आणि तो चिडला, उद्यापासून येत नाही म्हणाला, तर पोराला कोण सोडणार? सून नोकरीला जाते.’ हे दुसरं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. स्वस्त व्हॅन, गरीब ड्रायव्हर आणि घाईतली आई, तिघंही अडलेली. शाळेची बस परवडत असती तर व्हॅन कुणी लावली असती? इथं धर्माचा उपदेश करून काही होत नव्हतं.

तेव्हा एवढंच केलं. आम्ही तिघी जणी सकाळी गाडी थांबते तिथं गेलो आणि त्या मुलाला सांगितलं, मॅट उचल. तो ओशाळला, पण उचलली. अंगठ्यानं दाबलं तर मधल्या सीटपाशी पत्रा कुरकुरला, बिस्किटासारखा. सायलेन्सरलाही भोक होतं. त्याला ओरडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. किती खर्च येईल विचारलं. पुट्टी नाही, कापून नवा पत्रा आणि नवा सायलेन्सर. त्यानं आकडा काढून आणला. तेरा घरांत वाटला तर घरटी साडेसातशे होत होते.

त्यावर वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. दोघा पालकांनी साफ नकार दिला: ‘गाडी त्याची, कमाई त्याची, आम्ही का भरायचे?’ एक वकील आहेत, ते म्हणाले, पांढऱ्या पाटीच्या गाडीला पैसे देणं म्हणजे बेकायदा कामाला हातभार. त्यांचंही चुकीचं नाही. त्यांनी पिवळ्या पाटीसाठीचे कागद काय लागतात ते मात्र त्याला लिहून दिलं. ज्यांनी नकार दिला त्यांचा वाटा आमच्या घरातून गेला, ‘भिशीतूनच ना?’ असं हे हसून म्हणाले. दिवाळीच्या सुटीत काम झालं. मी गॅरेजमध्ये उभी राहून बघितलं. जुना पत्रा कापून टाकला तेव्हा त्याचा ढीग सुपाएवढा झाला, आणि उचलताना निम्मा हातातच चुरला.

आता त्या गाडीतली मॅट तो खिळे मारून बसवत नाही. कोपऱ्यावरच्या मुलांपैकी धाकटा मला परवा सांगत होता, रोज बसताना तो ती उचलून बघतो आणि ड्रायव्हरकाका त्याला ओरडत नाहीत.